समुद्र टेकडीला प्रदक्षिणा घालतो

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे मध्येच वाचायला आलेल्यांना संदर्भ लागेल. त्या नाशिकला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. सागरी प्रवाहांची नावं पाठ होतात आणि पंधरा दिवसांत निम्मी उडून जातात. वारा पाण्याला ढकलतो एवढं त्यांना पटलंय. पुढचं पटत नाही. पाणी वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे का वळतं? पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पाणी मागे राहतं का? आणि अटलांटिकच्या अमेरिकेकडच्या काठाने गल्फ स्ट्रीम हा प्रवाह धावत सुटतो, तर समोरच्या आफ्रिकेकडच्या काठाला कॅनरी प्रवाह रेंगाळत जातो, असं का? गणित दहावीपर्यंतचं, समुद्र इथून लांब, तेव्हा घरच्या घरी करून पाहता येईल असं काही असेल तर सांगा, हेही त्यांनी विचारलंय.

मी पंचवटीतला. व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून सव्वीस वर्षं गेली. आता नाशिकलाच असतो आणि जहाजावर जाऊ पाहणाऱ्या मुलांना नौकानयनाचे धडे देतो. मी समुद्रशास्त्रज्ञ नाही. पण प्रवाहाचा अंदाज चुकला की त्याचा जाब कॅप्टनपुढे मलाच द्यावा लागायचा, त्यामुळे हा विषय मी परीक्षेसाठी कमी आणि भीतीपोटी जास्त शिकलो.

ताई, तुमचं पाठांतर कच्चं आहे असं मला वाटत नाही. पुस्तकातली मांडणीच तशी असते. ग्रहीय वारे, पृथ्वीचं परिवलन, तापमान, क्षारता, किनाऱ्याचा आकार अशी कारणं एकाखाली एक, वाण्याच्या यादीसारखी. त्यातली पहिली दोन एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यांना जोडणारी कडी यादीत सापडतच नाही. ती कडी म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागावरचा उंचवटा. वारा पाण्याची टेकडी रचतो, आणि पृथ्वीचं फिरणं त्या टेकडीवरचं पाणी सरळ खाली उतरू देत नाही. मग ते टेकडीभोवती फिरत राहतं. आपण ज्यांना मोठे प्रवाह म्हणतो ते या टेकडीभोवतीच्या फेरीचे वेगवेगळे टप्पे आहेत. खाली जे काही लिहितोय ते एवढ्याचाच विस्तार आहे.

एक छोटा गोंधळ आधीच मिटवू, कारण तिथे माझे निम्मे विद्यार्थी घसरतात. वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचं. प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो ती. नैऋत्य वारा नैऋत्येकडून येतो. पण लॉगबुकात प्रवाहापुढे 'नैऋत्य' लिहिलं असेल तर पाणी नैऋत्येकडे निघालंय. शिडाच्या काळापासूनची ही रीत आहे. वारा कुठून येतो ते शिडाला कळायला हवं आणि पाणी आपल्याला कुठे नेऊन घालणार ते नाखव्याला. नकाशावर बाण काढताना हे विसरलात तर पुढचं सगळं उलटं होतं.

आता 'पाणी मागे राहतं का' हा प्रश्न. नाही राहत. पंचवटी एक्सप्रेस एका वेगाने चाललेली असताना कपातला चहा मागे राहतो का? तो गाडीच्याच वेगाने चाललेला असतो. तसंच नाशिक, इथली हवा आणि याच अक्षवृत्तावरचा समुद्र, सगळं पूर्वेकडे ताशी साधारण १५७० किलोमीटर वेगाने एकत्र फिरतंय. विषुववृत्तावर हाच वेग १६७० च्या आसपास आहे आणि ध्रुवावर शून्य. फरक पडतो तो पाणी या फिरत्या जमिनीवरून हलायला लागतं तेव्हा. स्थिर पाण्याला परिवलन वळवत नाही, चालत्या पाण्याला वळवतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

हे नुसतं वाचून पटत नाही, करून पाहायला लागतं. जाड पुठ्ठ्याची परातीएवढी चकती कापा आणि फिरत्या खुर्चीच्या बैठकीवर बरोबर मध्यावर चिकटवा. एक लांब पट्टी चकतीला न लागता वर अधांतरी राहील अशी तिची दोन्ही टोकं खुर्चीबाहेर, न फिरणाऱ्या पुस्तकांच्या चवडींवर टेकवा. एकाने खुर्ची वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, हळू आणि एकसारखी फिरवायची. दुसऱ्याने पट्टीच्या कडेने स्केचपेन मध्यापासून काठाकडे सरळ ओढायचा. हात सरळ गेला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण चकतीवर उमटलेली रेघ उजवीकडे वळलेली दिसेल. आता काठाकडून मध्याकडे ओढा. पेन जिकडे निघालाय त्याच्या उजवीकडेच रेघ पुन्हा वळेल. उत्तर ध्रुवाच्या डोक्यावर उभं राहून खाली पाहिलं तर पृथ्वी अशीच घड्याळाच्या उलट फिरताना दिसेल. दक्षिण ध्रुवावरून पाहिलं तर तीच पृथ्वी घड्याळासारखी फिरते, म्हणून तिकडे सगळं डावीकडे.

फिरवण्याची दिशा मी मुद्दाम सांगतोय. एकदा मुलांना घेऊन ओळखीच्या कुंभारदादांकडे गेलो होतो, त्यांच्या विजेच्या चाकावर हाच प्रयोग करायला. अर्धा तास मी 'बघा, उजवीकडे' म्हणत होतो आणि रेघा बिनदिक्कत डावीकडे जात होत्या. शेवटी एका मुलीने सांगितलं, सर, चाक घड्याळासारखं फिरतंय. म्हणजे आम्ही अर्धा तास दक्षिण गोलार्धात होतो.

शाळेच्या पुस्तकात या वळण्याचं कारण वेगातल्या फरकाने समजावतात. विषुववृत्ताकडून उत्तरेकडे निघालेलं पाणी पूर्वेचा जास्तीचा वेग घेऊन येतं, म्हणून पूर्वेकडे म्हणजे उजवीकडे सरकतं. चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. पाणी सरळ पूर्वेकडे चाललं असेल तर? तेव्हाही ते उजवीकडेच वळतं, आणि इथे अक्षवृत्तांच्या वेगातला फरक कामाला येत नाही. कसारा घाटातल्या वळणावर बस जितकी वेगात तितके आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, हे आठवा. पूर्वेकडे चाललेलं पाणी म्हणजे पृथ्वीपेक्षा थोडं जास्त वेगाने फिरणारं पाणी. ते अक्षापासून बाहेर, म्हणजे विषुववृत्ताकडे ओढलं जातं. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे तोंड केलं तर विषुववृत्त उजव्या हाताला येतं. पश्चिमेकडे चाललेलं पाणी उलट कमी वेगाने फिरतं, म्हणून ते आत, ध्रुवाकडे सरकतं. तेही त्याच्या उजवीकडेच. गास्पार कोरिओलिसने १८३५ साली हे गणित मांडलं ते फिरत्या यंत्रांसाठी, समुद्रासाठी नव्हे. पण नाव त्याचंच चिकटलं.

हे बळ आहे तरी किती? फार क्षुल्लक. सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेल्या पाण्यावर नाशिकच्या अक्षवृत्तावर ते गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दोन लाखाव्या भागाएवढं असतं. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकहून धुळ्याकडे ताशी ८० ने जाणाऱ्या ट्रकवरही ते असतं. ते अडवायला काहीच नसतं तर चांदवड ओलांडेपर्यंत, तासाभरात, ट्रक ७ किलोमीटर उजवीकडे मनमाडच्या अंगाला गेला असता. टायर रस्त्याला धरून असतात म्हणून कुणाला कळत नाही. समुद्राला टायर नाहीत आणि त्याच्याकडे वेळ भरपूर आहे. म्हणूनच मोरीतलं पाणी उत्तर गोलार्धात एका बाजूला फिरतं आणि दक्षिणेत दुसऱ्या, या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. मोरी काही सेकंदांत रिकामी होते. तिथे भांड्याचा आकार आणि पाणी कसं ओतलं तेच ठरवतं. नाशिकच्या अक्षवृत्तावर एखादा पाण्याचा गोळा नुसताच सोडून दिला तर त्याला वळत वळत एक फेरी पूर्ण करायला ३५ तास लागतात. हे माप लक्षात ठेवलं की कुठे परिवलन मोजायचं आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

याचं उलट उदाहरण घराजवळ आहे. गोदावरीत पाणवेली साचतात तेव्हा संथ पाण्याच्या एखाद्या डोहावर, नाहीतर गंगापूर धरणाच्या काठी वाऱ्याच्या दिवशी जाऊन उभ्या राहा. तरंगणारं सगळं वाऱ्याच्या दिशेनेच समोरच्या काठाला जाऊन लागतं. उजवीकडे वळायला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आधी काठ येतो. हा झाला नुसता वारा. आता काठ हजार किलोमीटर लांब नेऊन ठेवा आणि वारा महिनोन्महिने चालू ठेवा.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते नॉर्वेच्या फ्रिटजॉफ नान्सेनने. १८९३ ते १८९६ या काळात त्याने 'फ्राम' हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात गोठवून घेतलं आणि बर्फाबरोबर वाहू दिलं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्याचं गणित वाल्फ्रिड एकमान या तरुण स्वीडिश अभ्यासकाने सोडवलं. त्याचा गाजलेला लेख १९०५ चा. समजून घ्यायला पत्त्यांचा कॅट घ्या. तळहात वर ठेवून कॅट पुढे सरकवा. सर्वांत वरचा पत्ता जास्त सरकतो, खालचा त्याहून कमी, त्याखालचा आणखी कमी. पाण्याचे थर असेच एकमेकांना ओढत नेतात. त्यात प्रत्येक थर आपल्या वरच्यापेक्षा थोडा आणखी उजवीकडे वळतो. खाली खाली जाताना वेग मरत जातो आणि दिशा गोल जिन्यासारखी फिरत जाते. काही दहा मीटर ते शंभरेक मीटर खोलीपर्यंत हे सगळं संपतं. त्याखाली वाऱ्याचा हात पोचत नाही.

या सगळ्या थरांची बेरीज केली तर पाणी वाऱ्याच्या बरोबर काटकोनात उजवीकडे जातं. काटकोनच का, हा प्रश्न तुम्हाला पडेल आणि त्याला गणित लागत नाही. पूर्ण थराचा एकत्र विचार करा. त्यावर दोनच बळं आहेत, एक वाऱ्याचं आणि एक परिवलनाचं. थर एका स्थिर वेगाने चाललाय म्हणजे दोघांचा तोल साधलाय, म्हणजे ती एकमेकांच्या बरोबर विरुद्ध आहेत. वारा उत्तरेकडे ढकलत असेल तर परिवलनाचं बळ दक्षिणेकडे हवं. पण ते नेहमी चालणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं. मग दक्षिण उजव्या हाताला यायला थराने कुठे चाललं पाहिजे? पूर्वेकडे. वारा उत्तरेकडे, पाणी पूर्वेकडे. वहीत चार बाण काढून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. अगदी वरचा पातळ थर मात्र काटकोनात जात नाही. एकमानच्या हिशेबात तो ४५ अंश वळतो, प्रत्यक्षात बहुतेकदा त्याहून कमी. ते वारा किती जोराचा आणि पाणी किती ढवळलेलं यावर आहे. म्हणून वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे अंश दिसले तर घाबरू नका.

आता टेकडी. उत्तर अटलांटिकचा कोरा नकाशा समोर घ्या. विषुववृत्ताच्या वरच्या पट्ट्यात पूर्वीय वारे, ज्यांना जुन्या पुस्तकांत व्यापारी वारे म्हणायचे, पश्चिमेकडे वाहतात. त्यांच्या उजवीकडे उत्तर. म्हणजे पाणी उत्तरेकडे लोटलं जातं. साधारण ४० ते ५० अंशांच्या पट्ट्यात पश्चिमी वारे पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या उजवीकडे दक्षिण. म्हणजे तिथलं पाणी दक्षिणेकडे. दोन्हीकडून लोटलेलं पाणी मध्ये, तिशीच्या अक्षवृत्तांजवळ येऊन साचतं. उत्तर अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रातलं तरंगतं शेवाळ आणि उत्तर पॅसिफिकमधला प्लास्टिकचा कचरा अशाच जागी गोळा होतो, हा त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

किती उंच असेल ही टेकडी? मीटरभर. हजारो किलोमीटर पसरलेली आणि उंची एवढीच की आपल्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेलाही पाणी लागायचं नाही. जहाजावरून ती दिसत नाही, जाणवत नाही. १९९२ साली सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन या उपग्रहापासून समुद्राची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजता येऊ लागली, तेव्हा ती नकाशावर स्पष्ट उमटली. इस्रो आणि फ्रान्सने मिळून २०१३ मध्ये सोडलेला 'सरल' उपग्रह हेच काम करायचा. आणि टेकडीला खाली मूळही असतं. साचलेलं पाणी कोमट आणि हलकं, ते खालच्या थंड पाण्याला शेकडो मीटर खोल दाबून ठेवतं. वाऱ्याचा हात शंभर मीटरपर्यंतच पोचतो, तरी गल्फ स्ट्रीम त्याच्या कितीतरी पट खोल वाहतो, याचं कारण हे मूळ.

टेकडीवरचं पाणी उताराने खाली यायला निघतं. गोदावरीने काय केलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे: ब्रह्मगिरीवरून निघायचं आणि उतार नेईल तिकडे जायचं. अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असून ती पूर्वेला निघाली, कारण उतार तिकडे होता. समुद्रातल्या पाण्याला एवढं सरळ वागता येत नाही. ते उतरायला लागलं की परिवलन त्याला उजवीकडे वळवतं, आणखी चाललं की आणखी वळवतं. वळत वळत शेवटी ते उताराला आडवं होतं. उतार त्याला डावीकडे खाली ओढतोय, परिवलन उजवीकडे वर, दोन्ही सारखे, आणि पाणी टेकडीच्या कुशीतून तिच्याभोवती चालत राहतं.

लक्षात ठेवायला मी मुलांना श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी सांगतो. प्रदक्षिणेत डोंगर नेहमी उजव्या हाताला. उत्तर गोलार्धातला समुद्रही टेकडी उजव्या हाताला ठेवूनच फिरतो, म्हणून प्रवाहचक्र घड्याळाच्या दिशेने. दक्षिण गोलार्धात उलटी प्रदक्षिणा. ज्या मुलांना कोरिओलिसचं नाव धड उच्चारता येत नाही तीही यानंतर प्रवाहाची दिशा चुकत नाहीत.

उतार किती लागतो तेही सांगतो, कारण आकडा ऐकून गंमत वाटते. नाशिकच्या अक्षवृत्तावर सेकंदाला एक मीटरचा प्रवाह तोलून धरायला किलोमीटरमागे ५ मिलिमीटर चढ पुरतो. गवंडी एवढा उतार गच्चीलासुद्धा देणार नाही, तो म्हणेल पाणी साचेल.

इथवरचं एका दमात: वारा वरचा थर उजवीकडे सरकवतो, दोन पट्ट्यांतल्या वाऱ्यांमुळे पाणी मध्ये साचतं, साचलेलं पाणी उतरू पाहतं, परिवलन त्याला वळवून टेकडीभोवती फिरवतं. परीक्षेत या क्रमाने लिहिलंत तर तीच यादीतली कारणं एकमेकांना धरून उभी राहतील.

आता गल्फ स्ट्रीम आणि कॅनरीचं. टेकडी जर बरोबर मधोमध असती तर दोन्ही काठांना सारखेच प्रवाह असते. ती मधोमध नाही, पश्चिमेला सरकलेली आहे. परिवलनाची वळवण्याची ताकद सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तावर शून्य, ध्रुवावर पूर्ण, नाशिकच्या २० अंशांवर साधारण एकतृतीयांश. टेकडीच्या उत्तर अंगाने पाणी पूर्वेकडे चाललंय, दक्षिण अंगाने पश्चिमेकडे. दोन्हीकडे उतार सारखा असला तरी दक्षिणेकडे वळवणारी ताकद कमी, म्हणून तोल साधायला तिथल्या पाण्याला जास्त वेगाने चालावं लागतं. म्हणजे दक्षिणेच्या वाटेने पश्चिमेला जितकं पाणी येतं, तितकं उत्तरेच्या वाटेने तिथून जात नाही. पश्चिम बाजूला शिल्लक पडत राहते, पूर्वेला तूट. टेकडी हळूहळू पश्चिमेला सरकते आणि अमेरिकेच्या किनाऱ्याला जाऊन टेकते. तिथे तिची बाजू कड्यासारखी उभी, आणि पूर्वेला लांबलचक उतरती. उभ्या उताराला वेगाचा अरुंद प्रवाह, सपाट उताराला रुंद आणि मंद.

हेन्री स्टॉमेलने १९४८ साली गणिताने हे दाखवलं. परिवलनाची ताकद सगळीकडे सारखी धरली तर चक्र समतोल येतं, अक्षवृत्तानुसार बदलती धरली की पश्चिमेला गर्दी होते. पॅसिफिकमध्ये जपानजवळचा कुरोशिओ, दक्षिण गोलार्धात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचा अगुल्हास, हे त्याच घरातले. दक्षिण गोलार्धातही टेकडी पश्चिमेलाच सरकते, म्हणून 'महासागराच्या पश्चिम काठाला जोरदार प्रवाह' हा नियम दोन्हीकडे चालतो. गल्फ स्ट्रीम साधारण १०० किलोमीटर रुंद, काही ठिकाणी वेग सेकंदाला २ मीटर. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतूनच सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी जातं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात सेकंदाला साधारण १२ लाख घनमीटर ओततात. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात या प्रवाहाचा नकाशा छापून घेतला तो टिमथी फोल्जर या दर्यावर्दी नातेवाइकाला विचारून. टपाल घेऊन अमेरिकेकडे येणारी इंग्रजी जहाजं प्रवाहाच्या तोंडावर चालत राहायची आणि देवमाशांची शिकार करणाऱ्यांना तो कुठून कसा जातो हे तोंडपाठ होतं. खलाशांना माहीत असलेली गोष्ट कागदावर यायला वेळ लागतो, हे मी उगाच आपल्या जातभाईंच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

तापमान आणि क्षारतेने चालणारं खोल समुद्रातलं अभिसरण हा वेगळा धडा आहे, तो यात मिसळू नका. अंटार्क्टिकाभोवतीच्या प्रवाहाला आडवा येणारा खंडच नाही, म्हणून तो गोल फिरत राहतो. आणि विषुववृत्तावर मी वर सांगितलेला हिशेब मोडतो, कारण तिथे परिवलनाची वळवण्याची ताकदच शून्य.

राहिला आपला समुद्र, आणि इथेच पाठांतर सर्वांत जास्त फसतं. हिंदी महासागराला उत्तरेकडून आशियाने झाकण घातलंय आणि वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. त्यामुळे सोमालियाच्या किनाऱ्याने वाहणारा प्रवाह नैऋत्य मोसमात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो. इतका मोठा प्रवाह असा पूर्ण उलटताना दुसरीकडे दिसत नाही. नैऋत्य मोसमात त्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्याही वर जाऊ शकतो.

मी थर्ड ऑफिसर असताना एका जुलैमध्ये एडनकडून मोंबासाला चाललो होतो. जहाज पाण्यातून ताशी १३ सागरी मैलांनी चाललेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची जागा नकाशावर टाकली तर चोवीस तासांत अपेक्षेपेक्षा जवळजवळ शंभर सागरी मैल कमी कापले होते. मी तीनदा हिशेब तपासला, मग भीतभीत सांगायला गेलो. पण कॅप्टनच्या आधी इंजिनरूमला सुगावा लागला होता. इंजिन थंड करायला बाहेरून घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचं तापमान एकाएकी २७ वरून विशीच्या आसपास उतरलं होतं. विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या समुद्रात, जुलैमध्ये! वारा नैऋत्येकडून, किनाऱ्याला समांतर. त्याच्या उजवीकडे खुला समुद्र. वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ओढलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. पुस्तकात वाचलेला काटकोन मी त्या दिवशी थर्मामीटरवर पाहिला. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालाही याच कारणाने खालचं पोषक पाणी वर येतं, आणि तिथली तारली त्यावर पोसते.

अभ्यासाचं म्हणाल तर नावांची यादी आठवडाभर बाजूला ठेवा. कोऱ्या नकाशावर आधी फक्त वारे काढा. मग प्रत्येक वाऱ्याला काटकोनात छोटा बाण, उत्तरेत उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. बाण जिथे एकमेकांकडे येतात तिथे टेकडीचं वर्तुळ, थोडं पश्चिमेला सरकवून. वर्तुळाभोवती फेरी. विषुववृत्ताकडून येणारा बाण लाल, ध्रुवाकडून येणारा निळा. सगळ्यात शेवटी पुस्तक उघडून नावं भरा. अटलांटिक आणि पॅसिफिक पहिल्याच दिवशी जमतील. हिंदी महासागरासाठी दोन नकाशे लागतील, एक जुलैचा, एक जानेवारीचा.

जानेवारीच्या नकाशात कोकण किनाऱ्यावर तुमचं चुकेल, आणि ते चुकणं बरोबर आहे. त्या महिन्यांत वारा उत्तरेकडचा असूनही आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे, म्हणजे वाऱ्याविरुद्ध जातो. तिथे फक्त समोरचा वारा पाहून चालत नाही. बंगालच्या उपसागरात आधी वाहून गेलेल्या वाऱ्यांचा परिणाम लाटांच्या रूपाने किनारा धरून श्रीलंकेला वळसा घालत इकडे पोचतो. त्याच सुमारास उपसागराचं कमी खारट पाणीही भारताच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरून, श्रीलंकेवरून वळून अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात येतं. उपसागर कमी खारट होतो तो पावसाने आणि नद्यांच्या पाण्याने, त्यात गोदावरीही आली. म्हणजे ब्रह्मगिरीवर पडलेल्या पावसातलं थोडंफार पाणी ८० किलोमीटरवरचा समुद्र सोडून आंध्रात उतरतं आणि हिवाळ्यात लांबच्या वाटेने अरबी समुद्रात येतं. जानेवारीच्या नकाशावर हा बाण तेवढा जाड काढा.